ट्रेकिंग पोल: नाशिकच्या डोंगरांवर जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेकला नव्याने येणारी मंडळी बूट आणि पाठपिशवीच्या खालोखाल सगळ्यात जास्त प्रश्न पोलबद्दल, म्हणजे चालताना आधाराला घ्यायच्या मिटणाऱ्या काठ्यांबद्दल विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ती लिहिताना कळसूबाई, साल्हेर, हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरी या आपल्या भागातल्या वाटा डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. परदेशी कंपन्यांची माहितीपत्रकं ज्या वाटांसाठी लिहिलेली असतात, तिथे कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या नसतात. आपल्याकडे मात्र एकाच दिवसात सपाट पठार, घसारा (सुट्या खड्यांचा उतार) आणि हातापायांवर चढायचा कातळ असं सगळं वाट्याला येतं. म्हणून पोल कुठे वापरायचा याइतकंच तो कुठे मिटवून आत टाकायचा हे कळणं गरजेचं आहे. विकत घेतानाही आधी हेच पाहावं.

पोलशिवाय ट्रेक होत नाही का?

होतो की. रामशेज, पांडवलेणी, चामर लेणी अशा जवळच्या ठिकाणी धडधाकट माणसाला पोलची काही गरज नाही. गुडघे ठणठणीत असतील, पाठीवर पाणी आणि डबा एवढंच ओझं असेल, तर अंजनेरीही मोकळ्या हातांनी आरामात होते.

पोल कामाला येतो तो लांबलचक उतरणीवर, घसाऱ्यावर, चिखलात, पाठीवर मुक्कामाचं ओझं असताना आणि दिवसाच्या शेवटी पाय थकलेले असताना. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. बारी गावातून सकाळी चढून जाताना पोल लागत नाही असं वाटतं, आणि दुपारी तीच वाट उतरताना मांड्या थरथरायला लागल्या की त्याची आठवण येते. कुलंगसारख्या दमवणाऱ्या चढणीला किंवा वाघांबे गावातून साल्हेर-सालोट्याच्या खिंडीत चढायला पोल जवळ असावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गुडघ्यांवरचा ताण खरंच कमी होतो, की ही नुसती जाहिरात आहे?

कमी होतो, पण उतरताना. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात २५ अंशांच्या उतारावर पोल घेऊन आणि पोल न घेता चालणाऱ्यांच्या गुडघ्यांवरचे भार मोजले होते. पोल वापरल्यावर ते साधारण १२ ते २५ टक्क्यांनी कमी भरले. अभ्यास मोजक्याच लोकांवर केलेला होता आणि उतार प्रयोगशाळेतला होता. तरी गुडघे दुखणाऱ्यांचा उतरणीवरचा अनुभव त्याच्याशी जुळतो.

यामागचं कारणही सरळ आहे. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत असतानाच शरीराचं वजन आवरून धरतात. त्या कामाने ते लवकर थकतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना त्रास देतात. पोल पुढे टेकवला की वजनाचा थोडा वाटा हात आणि खांदे उचलतात.

पोलमुळे दम मात्र कमी लागत नाही. हातही काम करत असल्यामुळे हृदयाचे ठोके उलट थोडे वाढू शकतात. शक्ती वाचेल म्हणून कोणी पोल घेत असेल तर अपेक्षाभंग होईल. आणि गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा सपाटीवरही दुखत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पोल हा त्यावरचा इलाज नाही.

एक घ्यावा की दोन?

दोन. ताणाची विभागणी दोन्ही बाजूंना सारखी होते आणि चालीला लय येते. वर सांगितलेला गुडघ्यांचा फायदाही जोडीचाच आहे.

तरी आपल्याकडे एक पोल घेऊन जाणाऱ्यांना मी वेडं म्हणणार नाही. कारवीची झुडपं, दगडाचे आधार, मित्राचा हात यांसाठी एक हात मोकळा लागतो आणि एक पोल पटकन मिटवता येतो. गटात एकच जोडी असेल तर चढताना बाजूला ठेवा आणि उतरताना दोघांत एकेक वाटून घ्या. एका गुडघ्याचा त्रास असेल आणि पोल एकच असेल, तर तो दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायचा. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात, त्यामुळे शरीर त्या बाजूला कलतं.

नळीत नळी सरकणारा चांगला, की घडीचा?

सगळ्यात जास्त विचार या प्रश्नावर करा.

नळीत नळी सरकणारे तीन भागांचे पोल मिटवल्यावर साधारण ६० ते ६५ सेंटीमीटर उरतात. घडीचे पोल तंबूच्या काठ्यांसारखे आतल्या दोरीने जोडलेले असतात आणि मिटल्यावर ३५ ते ४० सेंटीमीटरांत मावतात. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण २५-३० लिटरच्या पिशवीत ३५-४० सेंटीमीटरांचा पोल पूर्ण आत जातो आणि वर चेन लागते. ६० चा पोल बाहेर डोकावतो. हरिहरवर हा फरक किती महत्त्वाचा ठरतो, ते पुढे येईलच.

सरकत्या नळीचे पोल मजबूत असतात, स्वस्त पडतात आणि त्यांची लांबी हवी तशी कमीजास्त करता येते. घडीच्या काही पोलांची लांबी ठरलेलीच असते, ते घेऊ नका. घडीचाच पोल, पण वरच्या भागात १५-२० सेंटीमीटर लांबी बदलता येणारा, असाही प्रकार मिळतो. परवडत असेल तर आपल्या किल्ल्यांसाठी तो सर्वांत सोयीचा. परवडत नसेल तर तीन भागांचा साधा पोल घ्या. दोनच भागांचे पोल मात्र टाळा, ते मिटवूनही फार लांब राहतात.

ॲल्युमिनियम की कार्बन?

आपल्या डोंगरांसाठी ॲल्युमिनियम, तेही ७०७५ या मिश्रधातूचं मिळालं तर उत्तम.

कार्बनची जोडी हलकी असते. ॲल्युमिनियमची जोडी साधारण ४५० ते ६०० ग्रॅम भरते, कार्बनची ३०० ते ४५० ग्रॅम. तेवढ्या फरकासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजावे लागतात. पैशांचं एक वेळ सोडा, पण आपली वाट बसाल्टच्या धोंड्यांमधून जाते. दोन दगडांच्या फटीत टोक अडकलं आणि अंग पुढे गेलं, तर ॲल्युमिनियम वाकतं आणि कार्बन कडकन मोडतं. वाकलेला पोल घेऊन गावापर्यंत उतरता येतं. मोडलेल्या पोलची टोकदार कड तळहातात घुसू शकते. कार्बनवर दगडाचा खोल ओरखडा उठला असेल तर तो तिथूनच पुढे मोडेल, हेही लक्षात ठेवा.

वाकलेला ॲल्युमिनियमचा पोल गुडघ्यावर ठेवून पूर्ण सरळ करायला जाऊ नका. धातू त्या जागी कमजोर झालेला असतो. घरी आल्यावर तो भाग बदलून घ्या.

लॉक कोणतं पाहावं?

लॉक म्हणजे नळ्या हव्या त्या लांबीवर धरून ठेवणारी पकड. ती बाहेरून खटका दाबून बंद होणारी घ्या. पिळून घट्ट होणारं लॉक आत असतं, त्यामुळे ते नीट बसलंय की नाही ते डोळ्यांना दिसत नाही. मुरमाची बारीक धूळ आणि ओल आत गेली की ते कधी सुटत नाही, तर कधी धरत नाही. खटका बंद आहे की उघडा, हे लांबून कळतं आणि घामेजल्या हातांनीही तो उघडतो.

खटक्याच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. खटका नुसत्या बोटाने सहज बंद होत असेल तर तो ढिला आहे. तळहाताने दाबावा लागला पाहिजे. स्क्रू पाव फेरा आवळा आणि पुन्हा बघा. विकत घेताना दुकानातच पोल पूर्ण उघडा, लॉक करा, मुठीवर दोन्ही हात ठेवून अंगाचा भार द्या. नळी जराही खाली सरकली आणि स्क्रू आवळूनही थांबली नाही, तर तो पोल घेऊ नका. मग तो कोणत्याही कंपनीचा असो.

मूठ फोमची, रबराची की कॉर्कची?

उन्हाळ्यात घाम येतो म्हणून फोम किंवा कॉर्क. रबराच्या मुठीने ओल्या तळहातावर फोड येतात. फोम मुठीच्या खालीही वीतभर उतरलेला असेल तर फार चांगलं, कारण छोट्या चढणीवर लांबी बदलायच्या भानगडीत न पडता तिथेच हात खाली घेता येतो.

आत स्प्रिंग असलेला पोल घेऊ का?

नको. वजन वाढतं, बिघडणारा एक भाग वाढतो आणि टेकल्यावर पोल किंचित दबतो, त्यामुळे घसाऱ्यावर भरवसा वाटत नाही.

माझ्या उंचीला किती लांबी लागेल?

बूट घालून सपाट जमिनीवर उभे राहा. पोलचं टोक पायाच्या शेजारी टेकवून मूठ धरा. कोपर काटकोनात वाकलं की लांबी बरोबर आहे. दुकानात जाण्याआधी अंदाज हवा असेल तर सेंटीमीटरमधल्या उंचीला ०.६८ ने गुणा. १५० उंचीला १०२, १६० ला १०९, १७० ला ११६ आणि १८० ला १२२ येतात. बाजारातले बहुतेक पोल १३५ पर्यंत उघडतात, त्यामुळे आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांना पुरतात. कमी उंचीच्या माणसांनी मात्र पोल किती लहान होतो, ते आवर्जून पाहावं.

लांब चढणीवर ५ ते १० सेंटीमीटर कमी करा, लांब उतरणीवर तेवढीच वाढवा. दर वळणावर बदलत बसू नका. आडव्या वाटेवर, म्हणजे एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला दरी असताना, डोंगराकडचा पोल आखूड धरायचा आणि दरीकडचा लांब. नळीवर थांबायची खूण असते. तिच्या पलीकडे नळी ओढली तर सांध्यात पकड उरत नाही आणि भार आला की पोल तिथेच मोडतो.

मुठीचा पट्टा कसा घालायचा?

बहुतेक जण वरून हात घालून मूठ पकडतात, ते चूक. पट्ट्याचा फास मोकळा लोंबू द्या. हात खालून वर फासात घाला, मग तो खाली आणत पट्टा आणि मूठ एकत्र धरा. आता पट्टा मनगटाच्या मागून येऊन अंगठा आणि तर्जनीच्या मधून मुठीकडे जाताना दिसेल. बोटं सैल सोडून बघा. पोल पडत नाही आणि खाली दाबलं तर भार मनगटावरून पट्ट्यात उतरतो. मूठ आवळून धरायची गरजच नाही. दिवसभर मूठ आवळणाऱ्यांचे हात संध्याकाळी दुखतात, त्याचं कारण हेच.

मोठे धोंडे, ओढा, दाट झुडपं किंवा दरीकाठची वाट आली की पट्ट्यातून हात काढा. टोक अडकलं तर पोल सोडून देता आला पाहिजे. पडताना पट्ट्यात अडकलेला हात अंगठ्याला आणि मनगटाला दुखापत करतो.

चढताना पोल कसा टाकायचा?

डावा पाय पुढे तेव्हा उजवा पोल, उजवा पाय पुढे तेव्हा डावा. आपण चालताना हात असेच हलवतो, त्यामुळे विचार न करता चाललं की आपोआप जमतं. पोल पावलाच्या फार पुढे टाकून स्वतःला ओढून घेऊ नका. तो शरीराच्या जवळ, किंचित मागे टेकवून जमीन मागे ढकला. उंच पायरी आली तर दोन्ही पोल एकदम वर टेकवून अंग उचला.

घसाऱ्यावर पाय सरकतो. तिथे पोल कसा वापरू?

घसारा म्हणजे कडक मुरमावर सुटे खडे पसरलेला उतार. उन्हाळ्याच्या तोंडाला, गवत वाळून गेलं की, सालोट्यासारख्या ठिकाणी तो फार त्रासदायक असतो. घाबरून माणूस मागे झुकतो, टाचांवर भार देतो आणि नेमका तेव्हाच घसरतो.

गुडघे किंचित वाकवा, छाती थोडी पुढे ठेवा. दोन्ही पोल एक पाऊल खाली टेकवा, फार लांब नको. टोक खड्यांच्या थरातून खाली कडक जमिनीला लागेपर्यंत दाबा. लागलं की हाताला ते कळतं, नुसत्या खड्यांवर टेकलेलं टोक करकरत सरकत राहतं. पकड मिळाली की एक पाय खाली टाका, पूर्ण तळवा टेकवून. मग दुसरा. मग पुन्हा पोल. पावलं लहान ठेवा. एका वेळी पोल तरी हलतील किंवा पाय तरी, दोन्ही एकदम नाही.

उतार फारच तीव्र असेल तर अंग तिरकं करा आणि नागमोडी उतरा. समोरचा माणूस सरळ रेषेत खाली असेल तर थांबा, तुमच्या पोलने सुटलेला दगड त्याच्याच दिशेने जाणार आहे. पाय सरकलाच तर पोलच्या आधाराने पडणं अडवायचा हट्ट करू नका. पोल सोडा आणि खाली बसा. बुडावर बसलेला माणूस सहसा तिथेच थांबतो.

हरिहरला पोल घेऊन गेलं तर चालेल?

निरगुडपाड्यापासून किंवा हर्षेवाडीपासून पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत खुशाल वापरा. पायऱ्या सुरू व्हायच्या आधी मिटवून पिशवीत टाका, पूर्ण आत.

त्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत आणि कडेला हाताने धरण्यासाठी खोबण्या कोरल्या आहेत. ज्यांनी कोरल्या त्यांना ठाऊक होतं की इथे दोन्ही हात लागणार. एक हात पोलने अडकवणं म्हणजे अर्धा आधार सोडणं. मनगटाला पट्ट्याने लटकवलेला पोल तर आणखी वाईट, तो पायात येतो.

पिशवीच्या बाहेर बांधलेला पोलही इथे धोक्याचा आहे. पहिला टप्पा चढून दरवाजातून आत गेलं की वाट कड्याच्या पोटात कोरलेल्या आडव्या पट्टीवरून जाते. एका हाताला दरी आणि डोक्यावर कातळाचं छत. तिथे माणूस वाकून चालतो, पण पिशवीवर वीतभर वर आलेला पोल त्याला दिसत नाही. तो छताला टेकतो आणि नेमका दरीच्या बाजूला धक्का देतो. मिटल्यावर ३५-४० सेंटीमीटर होणाऱ्या पोलची बाजू मी एवढी घेतो, ती यासाठी. पोल लांब असेल तर पायथ्याच्या गावात ज्यांच्याकडे नाश्ता केला, त्यांच्याकडे ठेवा आणि उतरल्यावर घ्या. सुट्टीच्या दिवशी त्याच पायऱ्यांवर खाली-वर दोन्हीकडून गर्दी असते. वरच्या माणसाच्या हातून निसटलेला पोल थेट खालच्याच्या डोक्यावर येतो.

कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांनाही हाच नियम: शिडी आली की पोल आत. अलंग-मदनच्या दोराच्या टप्प्यांवर तर प्रश्नच नाही.

रबरी टोपी कधी लावायची, कधी काढायची?

ही टोपी पोलच्या खालच्या टोकावर बसते. तिच्या आत टंगस्टन कार्बाइडचं कडक टोक असतं. माती, मुरूम, घसारा, चिखल आणि गवत इथे टोपी काढा. डांबरी रस्ता, सिमेंटच्या पायऱ्या आणि फरसबंदी इथे लावा. मांगी-तुंगीच्या पायऱ्यांचा लांब पल्ला टोपी लावूनच करावा, नाहीतर टोक झिजतं आणि कानाला ती खटखट नकोशी होते.

यात एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. किल्ल्यांच्या कोरीव पायऱ्या, टाक्यांचे काठ, लेण्यांच्या ओसऱ्या यांवर उघडं कार्बाइड टेकवू नका. ते बसाल्टवर पांढरे ओरखडे उठवतं आणि हजारो पोलांचे ओरखडे मिळून कड झिजते. साल्हेर २०२५ साली मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. त्याच्या पायऱ्या आणि दरवाजांची ओळ शतकानुशतकं पावसाशी झुंजत उभी आहे. तिथे टोपी लावा, नाहीतर पोल मिटवून हातात घ्या.

अंजनेरीच्या पठारावरही असंच. तिथे कंदीलपुष्पाची एक जात वाढते, अंजनेरीचंच नाव तिला मिळालं आहे. पावसाळ्यात ही नाजूक झाडं गवतात ओळखूही येत नाहीत. मळलेल्या वाटेवरून चाला आणि पोल वाटेच्या बाहेर टोचू नका.

पावसाळ्यात पोल घसरतो का?

शेवाळलेल्या कातळावर घसरतोच. टोपी असो वा कार्बाइड, भरवसा ठेवू नका. शेवाळावर पोलचा उपयोग तोल सांभाळण्यापुरता, भार देण्यासाठी नाही. टोकाला खडबडीत भेग किंवा खळगा शोधा.

चिखलात मात्र पोलसारखी सोबत नाही. खालची प्लॅस्टिकची चकती लावलेली असू द्या, म्हणजे टोक फार आत रुतत नाही.

ओढा ओलांडताना पट्टे काढा, पिशवीचा कमरेचा पट्टा सोडा, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला करा आणि पोल समोर टेकवून बाजूबाजूने सरका. दोन पाय आणि पोल यांतलं एका वेळी एकच हलवा. पाणी गढूळ असेल, तळ दिसत नसेल किंवा पाणी गुडघ्यापर्यंत येत असेल, तर परत फिरा. सह्याद्रीतले ओढे तासाभरात फुगतात आणि तितक्याच लवकर ओसरतातही, त्यामुळे थांबणं बहुतेक वेळा शक्य असतं.

ब्रह्मगिरीच्या फेरीला किंवा वणीच्या पदयात्रेला उपयोग होईल?

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या फेरीला अनेक जण अनवाणी चालतात. ओले खडे आणि चिखल यांत काठीचा आधार खरोखर बरा पडतो. पण गर्दी एवढी असते की मागच्याच्या पायात टोक जाण्याची भीती असते. टोपी लावा, पोल शरीराजवळ ठेवा, मागे झुलवू नका. शक्यतो एकच घ्या.

नाशिकहून सप्तशृंगीला चालत जाणाऱ्यांसाठी वाट बहुतांशी डांबरी. तिथे टोपी हवीच आणि जास्तीची एक जोडी खिशात ठेवा, कारण डांबरावर टोप्या लवकर फाटतात. चढ नसलेल्या रस्त्यावर पोल दोन-तीन सेंटीमीटर आखूड धरला की खांदे भरून येत नाहीत.

बांबूची काठी चालेल का?

उत्तम चालते. डोंगरातले गुराखी आणि देवाला जाणारी म्हातारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या काठीच वापरत आली आहेत. सुका, भरीव, खांद्यापर्यंत उंच बांबू घ्या. लांबी बदलायची तर हात वर-खाली सरकवायचा. काही किल्ल्यांच्या पायथ्याशी गावातली मुलं अशा काठ्या विकतात. तिथून घ्यावी, गावाला चार पैसे मिळतात. ओल्या झाडाची फांदी तोडून काठी करू नका.

बांबूचा तोटा एकच, तो मिटत नाही. कातळटप्पा असलेल्या किल्ल्यावर तो खाली ठेवूनच जावं लागतं.

साप आणि माकडांसाठी पोल कामी येतो का?

गवतातून जाताना पोल आपटत चाललं की बरेच साप बाजूला होतात. पण घोणस हलत नाही, जागीच बसून राहते. त्यामुळे पोलवर विसंबू नका. पाय टाकायची जागा बघा, घोट्याच्या वर येणारे बूट घाला आणि अंधार पडला की विजेरी हवीच. साप दिसला तर त्याला पोलने हलवायचं नाही, आपण मागे व्हायचं.

ब्रह्मगिरी आणि अंजनेरीवर माकडं हातातल्या पिशवीवर झडप घालतात. पोल उगारला तर ती चवताळतात. खाणं पिशवीत बंद ठेवा, पोल खाली ठेवून शांतपणे चालत राहा.

वीज चमकत असेल तर पोल फेकून द्यावा का?

पोलमुळे वीज लांबून ओढली जात नाही, पण उघड्या धारेवर उभा धरलेला पोल तुमची उंची वाढवतो. ॲल्युमिनियम आणि कार्बन दोन्हींतून वीज वाहते. गडगडाट ऐकू आला की पोल मिटवा आणि माथा, धार, एकटं झाड, लोखंडी शिड्या आणि रेलिंग यांपासून दूर खाली उतरा. मे महिन्याच्या शेवटी कळसूबाईवर दुपारचे ढग जमायला लागले, तर माथ्याचा मोह सोडा.

मुलांना पोल द्यावेत का?

लहान मुलांच्या हातात पोल तलवार होतो. दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलांना मी देत नाही. आजी-आजोबांना मात्र नक्की द्या, पण आधी घराजवळ चार दिवस वापरू द्या. नवा पोल पहिल्यांदा डोंगरावरच हातात आला तर तो अडखळायला लावतो.

एसटीत आणि विमानात नेता येतो?

नाशिकहून त्र्यंबकच्या एसटीत गर्दी असते, त्यामुळे पोल मिटवून, टोपी लावून पायाशी ठेवा. सामानाच्या रॅकवर ठेवू नका, ब्रेक लागला की खाली येतो. ओझरहून विमानाने हिमालयाच्या ट्रेकला निघाला असाल, तर पोल चेक-इनच्या सामानातच टाका, सुरक्षा तपासणीला वाद नको. तिकडे बर्फ असेल तर रुंद चकत्या आठवणीने घ्या.

ट्रेकनंतर काय करायचं?

घरी आल्या दिवशीच तिन्ही नळ्या एकमेकींतून पूर्ण बाहेर काढा. पावसाळ्यात आतून तांबूस गढूळ पाणी निघेल आणि लॉकजवळ मातीचा पातळ थर दिसेल. ओल्या फडक्याने पुसा, रात्रभर वेगवेगळ्या ठेवून सुकवा, मगच जोडा. ठेवताना खटके उघडे ठेवा.

तेल किंवा ग्रीस लावू नका. सरकायला छान वाटेल, पण मग लॉक धरणार नाही आणि नळी भर उतरणीवर आत जाईल. जाम झालेली नळी एकट्याने पिरगाळत बसू नका. दोघांनी दोन टोकं धरून हळूहळू उलटसुलट फिरवा.

टोक झिजलंय. नवा पोल घ्यावा लागेल?

नाही, टोक वेगळं मिळतं. जुन्या पोलच्या टोकाचा व्यास बघून त्याच कंपनीचं घ्या. कार्बाइडचा दाणा प्लॅस्टिकमध्ये पार आत गेलेला दिसला की बदलायची वेळ झाली. भांड्यात पाणी उकळा, पोलचं प्लॅस्टिकचं टोक त्यात दोन-तीन मिनिटं बुडवा, म्हणजे ते सैल होईल. मग पकडीत धरून, फिरवत ओढून काढा. हात भाजणार नाही याची काळजी घ्या. नवीन टोक कोरड्या नळीवर बसवा आणि पोल उभा धरून लाकडी फळीवर चार-पाच वेळा आपटा, ते घट्ट बसतं. गोंद लावू नका, पुढच्या वेळी ते काढायचं आहे.